पुढच्या दाताचा टवका उडालाय? बाँडिंग करून घेण्याआधी, करताना आणि नंतर

पुढच्या दाताचा टवका उडाला की दवाखान्यात येऊन बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘डॉक्टर, तेवढं सिमेंट लावून द्या.’ आम्ही लावतो ते सिमेंट नसतं, कॉम्पोझिट असतं. रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, काचेची अतिबारीक पूड मिसळलेला, दाताच्या रंगाचा मऊ लगदा. तो दाताला चिकटवायचा, हाताने आकार द्यायचा, निळ्या प्रकाशाने घट्ट करायचा आणि मग घासून-पुसून चमकवायचा, याला बाँडिंग म्हणतात. एका दाताचं काम साधारण तासाभरात होतं, बहुतेक वेळा भूलही लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दात फारसा कोरावा लागत नाही. म्हणून टवका, थोडी वाकडीतिकडी कड किंवा लहानशी फट असेल तर मी आधी बाँडिंगचाच विचार करतो. व्हीनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) आणि कॅप नंतर. एकदा कोरलेला दात परत येत नाही, बाँडिंग मात्र काढता येतं, बदलता येतं.

अडचण वेगळीच आहे. दात ज्या कारणाने तुटला ते कारण तसंच ठेवलं, तर कितीही सुंदर बाँडिंग त्याच जागी पुन्हा तुटतं. त्यामुळे खाली रंग-आकाराबद्दल आहेच, पण त्याच्या आधी आणि नंतर काय करायचं यावर जास्त भर आहे.

दात आत्ताच तुटला असेल तर

तुकडा शोधा. पायऱ्यांवर, क्रिकेटच्या मैदानावर, बेसिनमध्ये, कुठेही असला तरी शोधा आणि दुधात किंवा साध्या पाण्यात ठेवून दवाखान्यात घेऊन या. सुकलेला तुकडा पांढरट पडतो आणि रंग जुळायला वेळ घेतो. तुकडा एकसंध असेल तर तोच परत चिकटवता येतो, आणि मूळ दाताइतकं हुबेहूब कुठलंच कॉम्पोझिट दिसत नाही. तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटलाय, तर तो ओठात रुतलेला असू शकतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, ते ओठाचाही एक्स-रे काढतील.

आरशात तुटलेली बाजू नीट बघा. फक्त पांढरं दिसत असेल तर नुसतं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, गेलंय, दोन-चार दिवस थांबलात तरी चालेल. मध्ये पिवळसर भाग दिसतोय आणि गार पाण्याने झिणझिण्या येतायत, म्हणजे त्याच्या आतला थर, डेंटीन, उघडं पडलंय. एक-दोन दिवसांत जा. गुलाबी किंवा लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे. त्याच दिवशी गाठा, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, कारण वेळेवर उपचार झाले तर मुलांच्या दाताची नस वाचण्याची शक्यता चांगली असते.

संपूर्ण दातच मुळासकट बाहेर आला असेल तर तो बाँडिंगचा विषय नाही, पण सांगून ठेवतो. कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरायचा, घासायचा नाही, शक्य तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात दवाखाना गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

आणखी एक. आपल्याकडे दात दुखला की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. त्या तेलात युजेनॉल असतं आणि ते रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. आधी कुणी तात्पुरतं भरलेलं पांढरं सिमेंट लवंगेच्या वासाचं असेल, तर त्यातही तेच असतं. बोळा ठेवला असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावणार नाहीत, फक्त दात नीट साफ करून मगच काम सुरू करतील.

मार लागलेल्या दाताचा एक्स-रे हवाच. नस लगेच न मरता काही महिन्यांनी मरू शकते, दात हळूहळू करडा पडतो. म्हणून बाँडिंग झाल्यावरही दीड महिन्याने, काही महिन्यांनी आणि वर्षाने दाखवायला सांगतात. बहुतेक लोक दात छान दिसायला लागला की फिरकत नाहीत.

बाँडिंग कुठे चालतं, कुठे नाही

कोपऱ्याचा टवका, झिजून खालीवर झालेल्या कडा, सुळ्याच्या शेजारी जन्मतःच बारीक टोकदार राहिलेला दात, दोन दातांमधली लहान फट : ही बाँडिंगची हक्काची कामं.

काही वेळा तेवढीही गरज नसते. दोन दातांच्या उंचीत केसभर फरक असेल तर लांब दाताची कड किंचित घासून काम भागतं. पाच मिनिटांचं काम, चिकटवायचं काही नाही, म्हणजे तुटायचंही काही नाही. ‘एवढ्याने झालं?’ असं विचारणारा पेशंट थोडा नाराज दिसतो, पण हा सौदा त्याच्याच फायद्याचा असतो.

सात-आठ वर्षांच्या मुलांच्या नव्या दातांच्या कडेवर तीन बारीक उंचवटे असतात. आयांना वाटतं दात वेडेवाकडे आलेत. ते नैसर्गिक आहेत, खाऊन-चावून आपोआप झिजतात. त्यावर काहीही करून घेऊ नका.

दात एकमेकांवर चढलेले असतील तर बाँडिंगने ते सरळ ‘दाखवता’ येतात, पण त्यासाठी दात जाड करावे लागतात, त्यांच्यात अन्न अडकतं, हिरड्या सुजतात. तिथे तारा किंवा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) हाच सरळ मार्ग. फट पूर्वी नव्हती आणि अलीकडे वाढत चालली असेल, तर आधी हिरड्यांची तपासणी. हाड झिजून दात सरकत असताना फट बुजवण्यात अर्थ नाही. मार लागून काळवंडलेल्या दातावर नुसता पांढरा थर चढवला तर खालचा काळेपणा डोकावत राहतो. तिथे आधी रूट कॅनॉल, मग आतून ब्लीचिंग (दात उजळवणं), मग बाँडिंग, हा क्रम.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत ज्या गावांत विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे वाढलेल्या अनेकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. हे डाग झाकण्यासाठी बाँडिंग होतं, पण चिकटवण्याआधी दात खडबडीत करायला जे आम्ल लावतात, त्याचा अशा एनॅमलवर परिणाम कमी होतो आणि पकड कमजोर राहू शकते. आम्ल जास्त वेळ ठेवावं लागतं, वरचा थर किंचित खरवडावा लागतो. डाग फिके असतील तर वरवर घासूनच पुष्कळ जातात. तुमचं बालपण अशा भागात गेलं असेल तर दवाखान्यात तसं सांगा, मग तुम्ही सध्या पुण्यात राहत असा की पनवेलला.

का तुटला, हे आधी शोधा

अपघात असेल तर प्रश्न मिटला. पण ‘डॉक्टर, मी तर साधी पोळी खात होतो’ असं कुणी म्हणालं की मी त्याला आरसा देतो आणि खालचा जबडा थोडा पुढे काढून वरच्या-खालच्या दातांच्या कडा एकमेकांवर टेकवायला सांगतो. टवक्याच्या जागी खालचा एखादा दात कुलूप लागल्यासारखा बरोबर बसला, तर कारण समोर आलं : रात्री झोपेत किंवा दिवसा तंद्रीत ते दात एकमेकांवर घासले जातायत. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असणं, घरच्यांनी ‘झोपेत दात खातोस’ म्हणणं, ही आणखी लक्षणं. अशा माणसाला बाँडिंगसोबत रात्री घालायचा नाइट गार्ड लागतोच. त्याचा खर्च वाचवणारे सहसा वर्षाच्या आत टवका घेऊन परत येतात.

बाकीची कारणं घरोघरी सारखीच. दाताने दोरा तोडणं, सेफ्टी पिन उघडणं, दुधाची पिशवी फाडणं, नखं खाणं, अख्खी सुपारी फोडणं, ऊस सोलणं, मटणाची नळी पुढच्या दातांनी फोडणं. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या वरच्या दाताला नेमक्या एका जागी खाच पडलेली मी पुष्कळदा बघतो. कात्री हाताशी ठेवणं हा त्यावरचा उपाय, आणि तो बाँडिंगपेक्षा फारच स्वस्त आहे.

तारखा मागून मोजत या

लग्न आठवड्यावर आणि ‘दात पांढरे करून तो टवकाही भरून द्या’ ही मागणी दर लग्नसराईत येते. कॉम्पोझिट ब्लीच होत नाही, त्यामुळे दात उजळायचे असतील तर ते आधी आणि बाँडिंग नंतर. ब्लीचिंगनंतरही साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन पकड बिघडवतो आणि रंगही अजून स्थिर झालेला नसतो. त्याच्या आधी दात साफ करून घेणं आलं, कारण सुजलेल्या हिरडीतून रक्त येत असेल तर तिथे काहीच नीट चिकटत नाही. शेवटी पॉलिशसाठी एक फेरी. सगळं धरून कार्याच्या दीड-दोन महिने आधी सुरुवात करा. ब्लीचिंग नको असेल तर दोन आठवडे पुरतात.

खुर्चीत बसल्यावर

आधी फोटो काढले जातात, मग रंग ठरतो. ही पायरी घाईत उरकली जाते आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो काही मिनिटांतच पांढरा दिसायला लागतो. त्या सुकलेल्या दाताशी रंग जुळवला तर संध्याकाळी लाळेने दात मूळ रंगावर येतो आणि बाँडिंग पांढरंफटक उठून दिसतं. म्हणून रंग अगदी सुरुवातीला, दात ओला असताना, शक्य तर खिडकीच्या उजेडात बघायचा. त्या दिवशी लिपस्टिक लावून जाऊ नका. चांगली खूण सांगतो : डॉक्टर निवडलेल्या कॉम्पोझिटचे दोन-तीन ठिपके दातावर न चिकटवता ठेवतात, प्रकाशाने घट्ट करून बघतात, कारण घट्ट झाल्यावर रंग थोडा बदलतो. ते ठिपके मग नखाने निघून येतात. या वेळी आरसा मागा आणि सोबतच्या माणसालाही बघू द्या.

फट बुजवायची असेल किंवा दोन-चार दात एकदम करायचे असतील, तर आधी नमुना मागा. कधी तोंडातच, आम्ल न लावता, कॉम्पोझिटने आकार करून दाखवतात. कधी साच्यावर मेणाने दात घडवतात आणि त्यावरून सिलिकॉनचा ठसा घेतात. फट बुजवताना एकच दात रुंद केला तर तो फावड्यासारखा दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं वाढवायचं असतं. नमुना बघून बोला, बसून बोला, शब्द उच्चारून बघा. ‘स’ आणि ‘फ’ म्हणताना हवा वेगळी जाते का ते लगेच कळतं.

त्यानंतर दात कोरडा ठेवायची व्यवस्था. दातांभोवती रबरी पडदा लावतात, तो गुदमरल्यासारखा वाटतो पण नाकाने श्वास घेता येतो. सगळ्यांकडे तो लावत नाहीत; काही जण कापूस आणि लाळ ओढणारी नळी वापरून नीट काम करतात. काहीही असो, चिकटवण्याच्या क्षणी दाताला लाळेचा किंवा रक्ताचा थेंबही लागता कामा नये. म्हणून त्या दहा मिनिटांत बोलायचं नाही, गिळायचं असेल तर हात वर करायचा.

तुटलेल्या कडेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तिरका उतार देतात, म्हणजे नव्या-जुन्याची रेघ दिसत नाही. मग ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची निळी जेली लावतात, एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, आणि भरपूर पाण्याने धुतात. सुकवल्यावर तो भाग खडूसारखा पांढरा दिसला तर आम्लाने काम केलं. ही युक्ती १९५५ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोरे यांनी मांडली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरायचे, त्यावरून त्यांना ती सुचली. आम्लाने एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे लाखो खड्डे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि घट्ट होऊन अडकून बसतं. आजही सगळं बाँडिंग याच तत्त्वावर उभं आहे.

आता ते पातळ रेझिन ब्रशने चोळून लावतात, हवेने पसरवतात, प्रकाशाने घट्ट करतात. शेजारच्या दाताला चिकटू नये म्हणून त्यावर पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळलेली असते, नळ दुरुस्त करणारे वापरतात तसलीच.

मग खरी कारागिरी. सिलिकॉनचा ठसा मागून धरून आधी दाताच्या आतल्या बाजूचा पातळ, किंचित पारदर्शक पडदा उभा करतात. त्याच्या पुढे डेंटीनच्या रंगाचा गडद, अपारदर्शक थर येतो, पण तो कडेपर्यंत न्यायचा नाही. कडेजवळ थोडी जागा मोकळी ठेवली तरच खऱ्या दातासारखी निळसर झाक येते. सर्वात वर एनॅमलसारखा थर. प्रत्येक थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि प्रत्येकाला साधारण २० सेकंद प्रकाश हवा, नाहीतर आतलं रेझिन कच्चं राहतं. लहान टवक्याला एवढे थर लागत नाहीत, एकाच रंगात काम निभावतं. पण मोठा कोपरा एकाच रंगाच्या एका गोळ्याने भरला तर तो लांबूनही ‘भरलेला’ दिसतो.

सर्वात शेवटी दाताखाली निळा किंवा लाल कागद देतात आणि चावायला सांगतात. इथे नुसतं ‘टक टक’ चावून थांबू नका. जबडा पुढे सरकवा, डावीकडे-उजवीकडे घासा. बाँडिंगच्या कडेवर गडद खूण पडत असेल तर ती जागा कमी करायला सांगा. बाँडिंग तुटायला हीच जागा कारण ठरते. मग जाड ते बारीक अशा चकत्यांनी घासून, रबराने आणि पेस्टने चमक आणतात. काही जण शेवटचा प्रकाश देताना वर ग्लिसरिनची जेली लावतात. हवेमुळे वरचा थर चिकट, कच्चा राहतो, तो त्याने टळतो.

उठण्याआधी तीन गोष्टी करा : जिभेने कड चाचपा, फ्लॉस दोन्ही बाजूंनी न अडकता जातो का बघा, आणि खिडकीपाशी जाऊन आरशात बघा. त्या क्षणी शेजारचे दात सुकून पांढरे झालेले असतात, त्यामुळे रंगाचा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी लावा.

पहिले दोन दिवस आणि पुढचं

घरी जाऊन लगेच जेवता येतं. कॉम्पोझिट प्रकाशाने बहुतांश घट्ट होतं, उरलेलं पुढच्या दिवसभरात होत राहतं. म्हणून दोन दिवस हळदीची आमटी, चहा, कॉफी, सोलकढी, रेड वाइन टाळा. हळद सर्वात चिवट. दोन दिवस दहीभात, इडली, पांढरा ढोकळा असं काही चालवा. गार-गरम किंचित लागणं आठवडाभर चालतं; वाढत गेलं किंवा रात्री ठणकलं तर दाखवा. आठवड्याने पॉलिशसाठी बोलावलं असेल तर जा, पहिल्या दिवशी थकलेल्या डोळ्यांना न दिसलेली कड तेव्हा दिसते.

तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट चालू असेल तर मी आधीच स्पष्ट सांगतो : वर्षभरात कडा तपकिरी होतील. मिश्री डाग तर पाडतेच, वर पॉलिशही खरवडते. कोळशाची काळी टूथपेस्ट आणि खायचा सोडा यांचंही तेच. मऊ ब्रश, साधी फ्लोराइड पेस्ट, बास. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश कुणी दिलाच तर जेवढे दिवस सांगितलाय तेवढेच दिवस वापरा, तो तपकिरी डाग सोडतो. दुसऱ्या दवाखान्यात दात साफ करायला गेलात तर पुढच्या दातांवर कॉम्पोझिट आहे हे आधी सांगा. यंत्राचं टोक त्यावर ओरखडे पाडतं, आणि आम्लयुक्त फ्लोराइड जेल त्यातली काच खाते. त्यांना न्यूट्रल जेल वापरायला सांगा.

पैसे आणि दवाखाना

छोट्या टवक्याचं काम दीड-दोन हजारांत करणारे आहेत आणि त्याच कामाचे पाच-सहा हजार घेणारेही. फरक बहुधा वेळेचा असतो. दर विचारताना हेही विचारा : एक्स-रे, आठवड्याची पॉलिशची फेरी आणि वर्षाच्या आत टवका उडाला तर दुरुस्ती यात धरली आहे का? त्यांनी स्वतः केलेल्या कामांचे, विशेषतः दोन-तीन वर्षांनंतरचे, फोटो बघा. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेलं दातांचं काम सहसा बसत नाही.

खिशाला परवडत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत : मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं, नागपूरचं, छत्रपती संभाजीनगरचं, तसंच मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर आणि गोव्यात बांबोळीचं. केसपेपर काढून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’, म्हणजे दात भरण्याचा, विभाग विचारा. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षकांची नजर असते. फेऱ्या जास्त लागतात, पण वेळ देऊन केलेलं काम मिळतं.

ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरपोच मिळणाऱ्या किटने हे करून घेऊ नका. नोंदणीशिवाय दातांवर उपचार करणं बेकायदा आहे. फेव्हिक्विकने तुकडा चिकटवून आलेले लोकही बघितलेत. तो काढताना चांगला दात खरवडावा लागतो.

किती टिकेल?

नीट केलेलं, नीट सांभाळलेलं बाँडिंग साधारण पाच-सात वर्षं चांगलं दिसतं. काहींचं दहा चालतं, दात खाणाऱ्यांचं दोनही नाही. सिरॅमिक व्हीनिअर जास्त टिकतं आणि डाग धरत नाही, पण त्यासाठी दात कोरावा लागतो, खर्च कैकपट असतो, आणि ते तुटलं तर नवंच करावं लागतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला चार व्हीनिअर सुचवली गेली असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

बाँडिंगची चमक गेली तर पुन्हा पॉलिश होतं. कडेला तपकिरी रेघ आली तर बऱ्याचदा नुसतं घासून जाते. रेघेच्या जागी कड नखाला अडकत असेल तर तिथली पकड सुटली आहे, तेवढाच भाग काढून भरून घ्या, खाली कीड लागण्याची वाट बघू नका. छोटा टवका उडाला तर जुन्यावरच नवं चिकटवता येतं, सगळं काढायची गरज नसते. त्यासाठी पहिल्याच दिवशी केसपेपरवर कॉम्पोझिटचं नाव आणि रंगाचे नंबर, म्हणजे ए-२, ए-३ वगैरे, थरांसकट लिहून मागा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी तुम्ही नाशिकहून बंगळूरला गेलेले असाल, आणि तिथल्या डॉक्टरांना तो कागद दाखवलात तर रंग जुळवायला अर्धा तास कमी लागेल.